बिनविरोध

कॅनॉलच्या अलीकडे भोंगे आहेत,
रिक्षांच्या टपावर बांधलेले, सकाळी साडेसातपासून
आमच्या प्रार्थनेवर चढून बसणारे.
पलीकडे तोरणपुऱ्यात शांतता.
तिथल्या म्हशीसुद्धा हळू आवाजात रवंथ करतात.

मी महापालिकेच्या शाळेत सहावीला शिकवते, गुजरातीतून.
संध्याकाळी दांडिया बाजारातल्या घरी पोचल्यावर
त्याच गोष्टींचा मराठीत विचार करते.
म्हणूनच असेल, माझं खरं उत्तर नेहमी
एक दिवस उशिरा येतं.

नागरिकशास्त्राच्या तासाला जिगीषा वसावा उठली.
ती रोज पूल ओलांडून चालत येते.
"बेन, इकडे मतदान आहे. आमच्याकडे का नाही?"

मी फळ्यावर लिहिलं :
एका जागेसाठी एकच अर्ज उरला, तर मतदान घेत नाहीत.
अशा गावाला समरस म्हणतात. सरकार बक्षीस देतं.
भांडण होत नाही.
वर्गानं उतरवून घेतलं. 'समरस'खाली दोन रेघा.
जिगीषानं पेनाचं टोपण काढलंच नाही.
"उरला म्हणजे? बाकीचे कुठे गेले?"

ते मला पुलाजवळच्या सेव-उसळवाल्यानं सांगितलं,
तरी वाढता वाढता, अगदी सहज.
जिगीषाची आई, रेवाबेन. तिनं अर्ज भरला होता.
अनामत दुधाच्या पैशांतून,
फोटो स्टुडिओत जाऊन काढलेला,
चिन्ह म्हणून शिवणयंत्र मागितलेलं.
मग एका रात्री देवळाच्या ओट्यावर बैठक बसली.
कुणी आवाज चढवला नाही.
चहा आला. तिला पहिल्यांदाच बशीसकट कप मिळाला.
सगळे म्हणाले, बक्षीस जाईल गावाचं.
सगळे म्हणाले, पुढच्या वेळी नक्की.
सगळे म्हणाले, रस्ता आधी तुझ्याच फळियात.
दुसऱ्या दिवशी, तीनला दहा कमी असताना,
तिनं सही करून स्वतःला मागे घेतलं.

नकाशात बघितलं तर कारण दिसत नाही.
एक निळी रेघ आहे, ती पाण्याची.

अलीकडे, आमच्या वॉर्डात, चौदा उमेदवार.
त्यातल्या दहांना आपण पडणार हे माहीत आहे,
तरी घरोघर हात जोडत फिरताहेत.
एक जण माझ्या सासूबाईंच्या पाया पडला.
त्यांनी त्याला गूळपापडी दिली
आणि मत देणार नाही हेही सांगून टाकलं.
तो हसत हसत जिना उतरला.
ही श्रीमंती आहे
हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रविवारी मतदान केंद्रावर माझ्याकडे शाईचं काम.
सहाशे बारा बोटं.
एका गिरणी कामगाराची तर्जनीच नव्हती,
त्यानं शेजारचं बोट पुढे केलं, जणू तेही रांगेत उभं होतं.

सोमवारी अंगठ्यावर जांभळा डाग घेऊन वर्गात गेले.
"मॉनिटर, फळा पूस," म्हणता म्हणता अडले.
मॉनिटर मीच नेमते. अकरा वर्षं.
हुशार, शांत, पहिल्या बाकावरची.
कुणी कधी हरकत घेतली नाही.
माझा वर्ग समरस होता.

कुणाचा तरी डबा रिकामा केला, चिठ्ठ्या टाकायला.
एक्केचाळीस चिठ्ठ्या, सगळ्यांना लोणच्याचा वास.
गणिताचा तास बुडाला.
हेतवीला बावीस, मयंकला तेरा,
जिगीषाला सहा.

तिनं पुन्हा मोजायला लावलं.
पुन्हा सहा.
मग जागेवर न बसता ती वळली
आणि एकेका बाकावरून नजर फिरवत राहिली.
"एक तर माझंच," ती म्हणाली.
"बाकीचे पाच कोण?"