दारापासून दारापर्यंत

दुरुस्ती सोमवारी आली.
कलम चार, पोटकलम ख:
'पंचाहत्तर' या शब्दाऐवजी 'शंभर' वाचावे,
'सरळ रेषेत' ऐवजी
'दारापासून दारापर्यंत, पायी जाण्याच्या रस्त्याने'.

मंगळवारी आम्ही टेप घेऊन निघालो,
मी आणि शिपाई बाळेखान शिकलगार,
गंगावेशीमागच्या बोळात.
तिथं शहरातलं शेवटचं परवानाधारक भांगेचं दुकान आहे
असं रजिस्टर म्हणतं.
खरंखोटं रजिस्टरला माहीत.

परवाना महादू तवटेच्या नावाचा.
महादू जाऊन एकवीस वर्षं झाली,
गादीवर सून बसते, सुगंधा.
तिनं पत्र्याच्या ट्रंकेतून कागद काढले:
सगळ्यात तळाचा मोडीत, संस्थानचा शिक्का असलेला,
त्यात शेर आणि छटाक;
त्याच्यावर तोळे, त्याच्यावर ग्रॅम,
वरच्यानं खालच्याला दाबून दाबून
कडा पापडासारख्या झालेल्या.
"ह्यातला खरा कुठला?"
"सगळ्यात नवा."
"मग बाकीचे कशाला संभाळाय लावता?"
मी म्हटलं, तसा नियम आहे.

नव्या फॉर्मात नवे रकाने.
यंत्रसामग्री: पाटा एक, वरवंटा एक.
अश्वशक्ती:
ती हसली, नुसता दंड दाखवला.
मी शून्य लिहिलं, मग खोडलं, मग रिकामं ठेवलं.
कॅमेरा: नाही.
"लावते की. पण दिसंल काय त्यात?
तालमीतले दोन म्हातारे,
शिवरात्रीला कॉलेजची चार पोरं,
आणि तो एक पोस्टमन, झोप न येणारा.
घ्या टिपून त्यांची तोंडं."

मोजणी शाळेच्या दारापासून.
शाळा बंद पडून सात वर्षं झाली, पोरंच नाहीत.
आत मतदानाची टेबलं रचलेली,
बाहेर फलक तेवढा शाबूत.
नियमात 'शाळा' आहे, 'चालू शाळा' नाही,
मी दोनदा वाचलं.

बाळेखान टोक धरून फलकाखाली उभा राहिला
आणि मी टेप सोडत निघाले.
हे मी आधीही मोजलं होतं,
हे त्याला सांगितलं नाही.
चौथीत होते. आबा उद्यमनगरात फौंड्रीत,
भाजलेला हात रात्री त्यांना झोपू द्यायचा नाही.
मधल्या सुट्टीत रुमालाच्या गाठीत आठ आणे,
आणि बाईंनी बघू नये म्हणून
नजर पायांवर ठेवून मोजलेली पावलं.
एकशे एकसष्ट.
महादूनं वय विचारलं नाही कधी.
गोळी पानात बांधायचा,
माझ्या तळहातावर खडीसाखरेचा खडा ठेवायचा,
म्हणायचा, ही तुझी, ती आबाची, गल्लत करू नको.

म्हणजे हा नियम माझ्यासाठीच केलेला.
पोचायला उशीर झाला त्याला, एवढंच.
आबा त्या रात्री झोपायचे,
हे कुठल्या पोटकलमात घालायचं
मला अजून कळलेलं नाही.

सत्त्याण्णव मीटर, चाळीस सेंटिमीटर.
बाळेखान लांबून ओरडला, "टेप ताणू का सैल सोडू, मॅडम?"
दोन्हीला अर्थ होता.
मी म्हटलं, ताण.

सुगंधानं आकडा ऐकला.
रडली नाही, चहा सांगितला.
मग उठून मागची भिंत ठोकून बघितली,
चार ठिकाणी, कलिंगड बघावं तशी.
"हिकडनं दार काढलं तर?
बोळाला वळसा पडतोय, गटारावरनं.
बसतंय का तुमच्या शंभरात?"
बसत होतं. एकशे अकरा.
नियम दार म्हणतो, कुठलं ते म्हणत नाही.

शेऱ्यात मी लिहिलं:
शाळा बंद. फलक कायम. दार बदलणार.
खाली सही, सहीखाली तारीख.

टेप गुंडाळताना बाळेखान पुटपुटला,
कापडी टेप, पार ओढून ओढून लांबलेली,
हिचं मीटर आता हिला तरी ठाऊक असेल काय.
पाट्याजवळ ती ओल्या पाल्यावरनं घासत गेली होती.
सत्त्याण्णवावर हिरवा डाग पडलाय.
साबणानं गेला नाही.