काठावरची मोजणी

पहाटे सहाला झेल्याझ्को
गाडीचे दिवे विझवतो, दार नुसतं लोटतो,
आपटत नाही. चाळीस वर्षं शिकार केली,
सवय तिथलीच.

काळ्या समुद्राकडून वारा, हाडात शिरणारा.
रुसानानं बेकरीतून निघताना
भोपळ्याची बनित्सा कोटात कोंबली आहे,
खायची नंतर, आधी हात शेकायला.
वही माझ्याकडे. शाई गोठते, म्हणून पेन्सिल.

मग तळं उठतं.
आधी नुसता गलका, मग अंधाराला पंख फुटतात,
आणि उजाडता उजाडता दिसू लागतात
तांबड्या छातीचे कलहंस.
सैबेरियातून निघालेले, उतरणार कुठे,
तर झेल्याझ्कोच्या कोवळ्या गव्हावर.

"दहा, दहा, आणखी दहा," तो पुटपुटतो.
बोट हवेत. चाप ओढायचं तेच बोट.
"खातात मेले," म्हणतो,
पण मोजणं सोडत नाही.

त्याचे दोन हजार तीनशे चाळीस.
रुसानाचे दोन हजार तीनशे दहा.
तिसांवरून दोघं भांडतात,
बांधावरून भांडावं तसं.

परतताना लव्हाळ्यात एक काडतूस.
लाल, रिकामं, अजून दारूचा वास.
कुणाचं, ते तिघांनाही ठाऊक. गाव ते केवढं!
झेल्याझ्को ते खिशात टाकतो.
"वहीत लिही."
रकाना नाही, मी म्हणते.
"मग आख."

आखला.

संध्याकाळी तो पुतण्याच्या अंगणात उतरला.
पाव घेऊन चालले होते मी, पलीकडच्या गल्लीतून.
गाडीचं दार आपटलेलं
तिथवर ऐकू आलं.