गोड्या पाण्याची विहीर, जुनी

साखर पेठेत, मल्लेशम बुर्लाच्या फ्रेमच्या दुकानात
टेबलावर पसरला मी नकाशा.
आजोबांच्या ट्रंकेत तळाला अस्तर म्हणून होता,
समुद्राला अजून डांबरगोळ्यांचा वास.

वर वळणदार अक्षरांत: कासवबेट.
‘हवा खाण्यास उत्तम. बोटीने दोन तास.
प्लॉट हप्त्याने. निर्मनुष्य, निर्वेध, नवे.’
माड सगळे एका मापाचे, चादरीच्या काठावर विणल्यासारखे,
लाल शाईत धक्का, जो कधी बांधलाच नाही,
आणि एक आगबोट, जिचा धूर एकीकडे
नि झेंडा दुसरीकडे फडफडतो.

आजोबा गिरणीत जॉबर.
एका दिवाळीचा सगळा बोनस
एकशे सतरा नंबरला गेला.
समुद्र त्यांनी पाहिला नाही.
मे महिन्यात पत्रा तापला की
ओलं फडकं डोक्यावर घेऊन
नकाशा उघडायचे:
‘इथं आपली खिडकी. पश्चिमेला.’

मल्लेशमनं सूत मोजावं तशा रेघा मोजल्या.
‘काय बे, एकशे सतरा तर पाण्यात हाय.’
खरंच. भरतीची तुटक रेघ
प्लॉटच्या बरोबर मधून.

मग भिंग उत्तरेला सरकलं,
जिथं कंपनीचा हिरवा रंग जरा कमी पडला होता,
आणि थांबलं.
एक बारीक वर्तुळ. शेजारी मुंगीएवढी अक्षरं:
गोड्या पाण्याची विहीर, जुनी.

‘निर्मनुष्य म्हणतंय वर.
मग ही खणली कुणी? खेकड्यांनी?’

बराच वेळ नुसता पंखा.
जाहिरातीत नसलेली माणसं
त्या वर्तुळातून वर यायला लागली:
मिठानं पाय पांढरे झालेली,
जाळ्याला भोकाचे दगड ओवणारी,
खडक लागला म्हणून पहारीला शिव्या घालणारी,
आणि पहिला पोहरा जिभेला लावून
‘गोडाय!’ म्हणून ओरडलेली कुणी एक बाई,
जिचं नाव कुठल्याच छापखान्यात गेलं नाही.

आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो.
त्या दिवशी आला होता.
दुकानामागं मल्लेशमची सून घागरी भरत होती,
आणि आम्ही दोघं
डाळीच्या दाण्याएवढ्या विहिरीवर वाकलेलो.

‘वाळवीनं खाल्लेली बाजू कापावी लागंल.’
ती बाजू उत्तरेची.
‘ती ठेव,’ म्हटलं.
‘हवं तर एकशे सतरा काप.’

त्यानं काहीच कापलं नाही.
काच मोठी लागली,
शंभर रुपये जास्त गेले.