अकरावा

स्वयंपाकघराच्या छतात अकरा भोकं,
भोकांत अकरा हॅलोजन.
ही हौस आधीच्या मालकिणीची, मिसेस प्रॉबर्टची.
किल्ल्यांबरोबर बाईंनी बुटांचं एक खोकंही दिलं होतं,
आत चार सुटे बल्ब.
म्हणाल्या, लागतील.
लागले.

न्यूपोर्टात नोव्हेंबरला चार वाजताच काळोख.
कणीक मळायला उभी राहिले की
बरोब्बर भांगावर ऊन पडायचं.
हेरंब म्हणायचा, स्वयंपाक चाललाय की ऑपरेशन?
दर दोन महिन्यांनी एखादा जायचा.
दिवा विझला म्हणायचं नाही, हे लहानपणापासूनचं वळण;
मी म्हणायचे, शांत झाला.
फट् आवाज करून कुणी शांत होतं का, हेरंब विचारायचा.

यंदाचं बिल आलं तेव्हा त्यानं
पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडला.
अकरा दिवे, पन्नास-पन्नास वॉट: साडेपाचशे.
नवे घेतले तर अकरा पंचे पंचावन्न.
अकरा पंचे पंचावन्न, पुन्हा म्हणाला,
शाळेतल्यासारखं, मान हलवत,
आणि डिल्विनला फोन लावला.

डिल्विन साठीचा. गुडघे दुखरे, शिडी स्वतःची.
एकेक दिवा पिळून काढून खाली द्यायचा.
शेवटचा अजून पोळत होता,
मी तो चहाच्या फडक्यात झेलला.
मग छतात हात घालून त्यानं काचलोकरीचा पुंजका ओढला,
कडेनं तपकिरी, करपलेला.
म्हणाला, अजून एखाद-दोन हिवाळे, आणि...
वाक्य पुरं केलं नाही.
नऊ वर्षं आम्ही ह्याच्याखाली जेवत होतो.

नवे बसले. उबदार पांढरा, असं वेष्टनावर होतं.
पांढरा होता.
गेला असं वाटलेला हळदीचा डाग
ओट्यावर परत आला.
हेरंबच्या कानामागचे केस दिसले,
माझ्या हातावरच्या शिरा.
दोघंही बिलाबद्दलच बोलत राहिलो.
रात्री डिमर खाली आणला, तर अकराच्या अकरा
हुडहुडी भरल्यासारखे थरथरायला लागले.

आणि सकाळी दही लागलेलं नव्हतं.

आता हे कुणाला सांगायचं?
नऊ हिवाळे मी विरजणाचं पातेलं
वरच्या कपाटावर ठेवत आले, अकराव्या दिव्याखाली.
इथं दुसरीकडे कुठंही ठेवलं की दूध रुसून बसतं.
जागा लाभते म्हणत होते.
उजेड लाभत होता, हे ध्यानातच आलं नव्हतं.
डिल्विन तर म्हणाला होता, ऊब म्हणजे गळती,
शंभरातले नव्वद भाग वाया.
वाया.
तो शब्द मी त्या पातळ दुधाशेजारी ठेवून पाहिला.

गुरुवारी तो डिमर बघायला आला.
म्हणाला, जुनं यंत्र, ह्याची भूक मोठी,
पाच-पाच वॉटच्या घासांनी पोट भरत नाही, म्हणून थरथर.
नवीन डिमर बसवा,
नाहीतर रांगेत एक जुना राहू द्या, तेवढ्यावर भागेल.
हेरंब पाकीट शोधायला लागला.
मी म्हटलं, अकरावा.
दोघांनी माझ्याकडे पाहिलं.
मी नुसतं वर बोट केलं.

डिल्विननं लोकर मागं सारली,
भोकावर आगीची टोपी चढवली,
आणि जुन्याला जुन्या जागी पिळून बसवलं.
थरथर थांबली.
पाहुणे विचारतात, एवढा एक बदलायचा राहिला वाटतं?
हो, म्हणते, राहिला.

मिसेस प्रॉबर्टच्या खोक्यात
दहा जुने दिवे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेत.
एकेकाला दोन हिवाळे धरले
तर दहा दुणे वीस.
मीही पाकिटाच्या पाठीवर मांडलं, मग खोडलं.

सकाळी पातेलं उतरवून जरा तिरकं करते.
हलत नाही.