उजवा डोळा

टॉडमॉर्डनला महिन्यातून पाच-सहाच रात्री
आभाळ उघडतं. तेवढ्यात
विनिफ्रेड ॲक्रॉइड परसात खुर्ची टाकते,
टॉर्चवर लाल मोजा, मांडीवर वही.

हंसाच्या मानेतला तिचा तारा
वर्ष उलटून चाळीसेक दिवसांनी भरात येतो,
पण वेळ पाळेलच असं नाही.
"टक लावू नकोस," मला दटावते,
"लाल तारा बघत राहिलं की शेफारतो."
एक नजर टाकायची, शेजारच्याशी ताडायचं,
याच्याहून गुंजभर कमी, त्याच्याहून जास्त.

तेहेतीस वर्षांचे आकडे.
मध्येच: ढग. ढग. आर्थरला पोचवलं. ढग.

मी थेंब घालायला जाते,
उजव्याचा मोतीबिंदू काढल्यापासून.
पट्टी निघाली त्या रात्री ती गप्पच झाली.
शेजारचे निळे तारे लख्ख,
आणि तिचा, अर्ध्या प्रतीनं उतरलेला.
हा डोळा मिटून बघितलं, तो मिटून बघितलं.
"म्हणजे इतकी वर्षं
मी चहातूनच बघत होते की काय!"
आणि हसली, खोकला येईपर्यंत.

मग पट्टी घेऊन वहीत उभी रेघ मारली.
डावा. उजवा.

डाव्याची तारीख नोव्हेंबरातली.
पुढे ढकलायला फोन मीच लावला.
किती पुढे, मुलीनं विचारलं.
साधारण चारशे दिवस, म्हटलं.
कारण?
मी विनिफ्रेडकडे पाहिलं.
ती पेन्सिलीला टोक काढत होती.