अठरावा बिंदू

तालुक्याच्या कचेरीत, वरच्या खोलीत,
मी सतरा गावांचे सतरा बिंदू काढले
आणि तारेनं जोडले:
पिंपळखुट्यातून बोरी, बोरीतून वाई,
वाईपासून तीन फाटे,
शेवटी नदीपल्याड एकटं आमलोन.
वाळल्या पऱ्हाटीसारखी आकृती झाली.
खोड एक, फांद्या पुष्कळ,
आडवी काडी एकही नाही.
वाई तुटलं तर सात गावं जातात,
बोरी तुटलं तर अकरा.
संगणकानं क्षणात सांगितलं. मी खूश.

आमलोन मात्र दर बुधवारी मरायचं,
अकराला जायचं, पाचला परत यायचं.
तार शाबूत, यंत्र नवं,
आणि माझ्या आकृतीत बुधवार कुठंच नव्हता.

गेलो. गाडी नदीतून ढकलत नेली.
ग्रामपंचायतीला कुलूप.
दिवस कलताना उकंडा शिपाई आला,
पिशवीत वांगी अन् सुकट,
कमरेच्या करगोट्याला किल्ली.

"पंचफुलाबाईची चक्की चालू झाली का
लाइन झपकन जाते, डब्बा बंद पडते.
बटन दाबा लागते. बटन आतमंदी.
अन् बुधवारी मी बाजारात."

त्याला कागद दाखवला.
त्यानं तो उलटा धरला, बराच वेळ पाहिला.
"सारं बराबर हाये जी.
पण याच्यात मी कुठी हाओ?"

रात्री अठरावा बिंदू काढला.
किल्लीचं चिन्ह संगणकात नव्हतं,
प्रिंटरचं वापरलं.
मग चक्की. मग चक्कीचं आणि पंचायतीचं
एकच रोहित्र. मग बाजार, त्याच्याकडे
आठवड्यातून एकदा उजळणारी रेघ.
साहेब म्हणाले, हे काय गावजेवण मांडलंस?

मी मॉडेल चालवलं.
उकंडा काढला: आमलोन गेलं.
उकंडा परत ठेवला, चक्की काढली:
सतराच्या सतरा गावं हिरवी,
शंभर टक्के,
एकही चूक नाही,
आणि आमलोनात कुणाच्याच घरी पीठ नाही.

ती फाइल मी जतन केली नाही.

दुसरी किल्ली करून घेतली,
चक्कीतल्या खुंटीला अडकवली.
पऱ्हाटीला पहिली आडवी काडी.
पंचफुलाबाईनं पिठाचे हात झटकले,
किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"अन् मले का बाजार करा लागत नाही?"