सपाट जागा

काटा सपाट जागेवर ठेवा,
पहिल्याच सूचनेत लिहिलंय.
घोडपदेवच्या आमच्या खोलीत
सपाट जागा नाही, हे मोबाईलला कोण सांगणार.

मोरीच्या उंबऱ्याशी एक्क्याण्णव आठशे.
कपाटापाशी त्र्याण्णव.
देवाच्या फळीखाली, जिथं लादी फुगलीय,
तिथं अठ्ठ्याऐंशी.
तिथंच उभी राहिले मग तीन रविवार.
फोटो काढला, पाठवला.
पडद्यावर हिरवी पताका फडफडली:
वा शालन! असंच चालू ठेवा!

फसवलं कुणाला म्हणाल, तर हेतलबेनला.
कांदिवलीची पोर.
मंगळवारी रात्री सव्वानऊला तळहातावर उगवते,
'भात किती वाटी, शालनताई?'
मी वाटी दाखवते. वाटी खरी असते.
तिच्यातून दोनदा घेतला,
ते वाटी सांगत नाही.

ती रागवत नाही, हाच त्रास.
दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, 'तोंड आवरा,'
आणि बाकावरचा कुणीतरी फसकन हसला होता.
ही विचारते, झोप लागते का.
गुडघा जिना चढताना दुखतो, की उतरताना.
तिच्या मागं कुकर लागलेला असतो,
तिसऱ्या शिट्टीला ती आवाज बंद करते,
ओठ हलत राहतात.

चौथ्या मंगळवारी साखरेचा रिपोर्ट आला.
तो काही देवाच्या फळीखाली काढता येत नाही.
दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून
हेतलबेन जरा वेळ गप्प.
मग हळूच,
'ताई, काटा कुठं ठेवता?'

बुधवारी पहाटे, पाणी यायच्या आधी,
काटा काखेत मारून जिन्याच्या चौकात गेले.
बिल्डिंगीत तेवढाच तुकडा नवा, गेल्या वर्षी ओतलेला.
तळमजल्याच्या दाजी गवंड्याकडून
रात्रीच पाणसळ मागून आणली होती.
'लादी बसवताय?' त्यानं विचारलं.
मी म्हटलं, हो.

आडवी ठेवली, उभी ठेवली.
बुडबुडा डावीकडे गेला, परत आला,
मधोमध थांबला.

गाऊन सावरून चढले.
चौऱ्याण्णव दोनशे.
फोटो हलला. दुसरा काढला.
पाठवला.

वरून कुलसुमबी बादली घेऊन उतरत होती.
थांबली. काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
'मैं भी देखूँ? जरा बादली धर.'

मी बादली धरली,
आणि ती उभी असेपर्यंत
भिंतीवरच्या मीटरच्या पेटीकडे बघत राहिले.